चार मॅचेसपुरता मुलगा

दाबकेकाका गेले ते फेब्रुवारीत. बेसबॉलचा सीझन सुरू व्हायला महिना-सव्वा महिना बाकी होता आणि त्या वर्षी, काकांच्याच भाषेत सांगायचं तर, त्या लीगवाल्यांना अक्कल आली होती एकदाची. म्हणजे शिकागोच्या दोन टीम्सच्या आपापसातल्या मॅचेस त्यांनी वाढवल्या होत्या. चारच्या सहा. ज्याची वर्षानुवर्षं वाट बघितली ते दारात येऊन उभं राहिलं आणि काका उठून चालते झाले. मला अजूनही हे आठवलं की राग येतो. कोणाचा, ते धड सांगता येत नाही. काकांचा, त्यांच्या मुलाचा म्हणजे निखिलचा, त्या लीगवाल्यांचा, की ज्यांनी हा सगळा घोळ मायेपोटी घालून ठेवला त्या सुमनकाकूंचा.

आधीच सांगून टाकते, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. शिकागोजवळ शॉमबर्गला आमचं आणि काकांचं टाउनहाउस भिंतीला भिंत लागून, त्यामुळे जे काही कळलं ते भिंतीतून आलं. एप्रिल ते सप्टेंबर पलीकडून आधी काकांचा "अरे राम" ऐकू यायचा आणि मग काही सेकंदांनी टीव्हीतल्या लोकांचा गलका. हे उलटं का, ते मला फार उशिरा समजलं. काकांच्या समोर टीव्ही असायचा आणि एका कानात रेडिओ. रेडिओ थोडा पुढे आणि टीव्ही थोडा मागे. त्यामुळे जे वाईट व्हायचं ते काकांना आधी ऐकू यायचं आणि मग तेच परत डोळ्यांनी बघावं लागायचं. मी एकदा म्हटलं, "काका, कशाला जिवाला दुप्पट त्रास?" तर म्हणाले, "ऐकल्याशिवाय समजत नाही आणि बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. काय करू?"

काका नागपूरचे. सत्तरच्या दशकात शिकायला आले आणि पुलांची डिझाइन्स करणाऱ्या एका कंपनीत जन्म काढून रिटायर झाले. उंच, वाळलेले, भर जुलैत हाफ स्वेटर. कुठल्याही गोष्टीला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे." कचऱ्याचा डबा मंगळवारी सकाळी बाहेर काढायचा की सोमवारी संध्याकाळी, हाही तत्त्वाचा प्रश्न. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं आणि मग डॉक्टर, लायब्ररी, पटेलांचं दुकान, जिथे म्हणतील तिथे त्यांना न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी सुरुवात, "तर मंजिरी, काल काय झालं माहितीये का." काल काय झालेलं असायचं, तर त्यांची टीम हरलेली असायची.

त्यांची टीम साउथ साइडची. आल्यावर पहिली खोली शहराच्या दक्षिण भागात मिळाली, शेजारच्या खोलीतल्या माणसानं एका रविवारी मैदानावर नेलं, हातात एक हॉट डॉग दिला. काका शाकाहारी. त्यांनी नुसता पाव खाल्ला आणि त्या पावाला जागून पन्नास वर्षं ती टीम धरून ठेवली. पुढे शॉमबर्गला घर घेतलं, आणि हा सगळा भाग पडला दुसऱ्या टीमचा, नॉर्थवाल्यांचा. निखिल इथेच वाढला, शाळेत जो-तो त्यांची निळी टोपी घालणारा, म्हणून पोरानंही निळी टोपी घातली. तेव्हा वर्षातून सहादा दोन्ही टीम्स एकमेकींशी खेळायच्या आणि बापलेक एका सोफ्यावर बसून एकमेकांना यथेच्छ शिव्या घालायचे. सुमनकाकू सांगायच्या, "वर्षातले हे सहा दिवस मी दोन्ही कानांत कापूस घालते." सांगताना हसायच्या मात्र. त्या दिवसांत घरात काय आनंद असायचा ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

मग काकूंना कॅन्सर झाला. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून एकदा केमो देता येईल, पण फार आशा धरू नका. काकूंना घरी यायचं होतं. निखिलचंही म्हणणं तेच, आईला घरी आणू. काका ऐकेनात. "पुलाला तडा गेला म्हणून पूल सोडून देतात का? दुरुस्ती करतात," म्हणाले. काकूंनी नवऱ्यासाठी मान हलवली, आणि त्यानंतरचे त्यांचे सगळे दिवस हॉस्पिटलमध्येच गेले. एके दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा कॉरिडॉरमध्ये दोघं समोरासमोर उभे होते. निखिल अगदी हळू आवाजात म्हणाला, "यू डिड धिस टु हर." काका पांढरेफटक पडले. म्हणाले, "मग येतोस कशाला? नको येऊस माझ्या घरी." एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

काकूंपासून काय लपणार? त्यांनी दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना बसवलं. मी पाणी भरायच्या निमित्तानं तिथेच होते. म्हणाल्या, "तुम्ही बोललात की भांडणार, हे मला माहीत आहे. नका बोलू. पण ह्या दोन टीम्सची मॅच असेल तेव्हा तू घरी यायचंस, निखिल, आणि दोघांनी सोबत बसून बघायची. मला शब्द द्या." निखिल म्हणाला, "ओके, आई." काकांनी मान हलवली. काकूंना बिचारीला वाटलं असणार की आधी मॅचच्या निमित्तानं बसतील, मग हळूहळू बाकीचंही सुरू होईल. पण दोघं एकाच मातीचे. दिलेला शब्द पाळायचा म्हणजे अक्षरशः पाळायचा, त्याच्यावर एक दाणा जास्त नाही. निखिल मॅचच्या दिवशी शहरातून तासभर ड्राइव्ह करून यायचा, मॅच संपली की जायचा. दिवाळी नाही, गणपती नाही, काकांचा वाढदिवस नाही. काकांच्या अंत्यविधीला मात्र आला, मॅच नसताना.

आणि काकू जायच्या सुमाराला सहाच्या चार झाल्या होत्या. जून-जुलैच्या आसपास दोन आणि ऑगस्टच्या आसपास दोन. म्हणजे काकांना मुलगा वर्षातून चारदा.

मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत काका हा विषय काढणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. एका शहरातल्या दोन टीम्सनी वर्षातून कितीदा भेटावं? लोक गंमत म्हणून वाद घालायचे. एका वर्षी गोखले नावाचे एक डेंटिस्ट हातात मसालेभाताची प्लेट घेऊन म्हणाले, "काका, कमी आहेत म्हणूनच मजा आहे. रोज दिवाळी असली तर कौतुक काय राहील? मी तर म्हणतो दोनच ठेवा, बघा कशी झुंबड उडते."

काकांनी प्लेट खाली ठेवली. "दोन?"

"हो ना. चार्म राहतो."

"घरातली माणसं आहेत ती, गोखले. एका गावात राहतात. घरातल्या माणसाला वर्षातून दोनदा भेटायचं आणि चार्म म्हणायचं? तुमचा मुलगा तुम्हाला वर्षातून दोनदा भेटला तर चार्म वाटेल तुम्हाला?"

आवाज चढला तशी रांग पुढे सरकायची थांबली. गोखले प्लेटमधला मसालेभात चिवडायला लागले. त्यांना बेसबॉलबद्दलच बोलायचं होतं. मी काकांची प्लेट उचलली आणि त्यांना कोपऱ्यात खुर्चीवर नेऊन बसवलं. मला म्हणाले, "तेरा वेळा खेळायला पाहिजे त्यांनी, एका गटातल्या टीम्स खेळतात तसं. निदान तेरा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मॅचच्या दिवशी काका पहाटेपासून कामाला लागायचे. पुडाची वडी करायचे. आम्ही जिला कोथिंबीर म्हणतो तिला ते सांभार म्हणायचे आणि त्या सांभाराच्या जुड्याच्या जुड्या माझ्याकडून आणवायचे. वड्या तळताना मला सांगायचे, "आज बोलतो त्याच्याशी."

"काय बोलणार?"

"ते बघू. पण बोलतो."

मॅच संपून निखिलची गाडी गेली की मी विचारायला जायची. काका सोफ्याच्या आपल्या टोकाला बसलेले असायचे. "अगं, मॅच अशी रंगली ना, मधे कुठे बोलणार." किंवा, "आज त्याचा मूड नव्हता." किंवा, "आज माझी छाती भरून आली होती, म्हटलं पुढच्या वेळी." सगळ्या पुढच्या वेळा त्या चारांतच बसवायच्या होत्या, ही अडचण होती. मी चिडून म्हणायची, "काका, फोन नावाची वस्तू आहे जगात." त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की मी काही भलतंच बोलले.

मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर बसून मॅच बघितली आहे. त्या दिवशी काका कानातला रेडिओ काढून ठेवायचे, "दोघांना एकदमच कळलं पाहिजे" म्हणून. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला निखिल, मधली जागा रिकामी. तिथे काकू बसायच्या. मी खुर्चीत बसायची. काका मराठीत बोलायचे, निखिल इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा.

"पिचर थकला ह्यांचा."

"या. ही शुड कम आउट."

"वडी घे."

"थँक्स."

झालं. मग दहा मिनिटं काही नाही. निखिलच्या कानशिलावर पांढरे केस आले होते, बारीक झाला होता, हातातली अंगठी दिसत नव्हती. ह्यातलं काही काकांनी विचारलं नाही. ते सगळं काकांनी पाहिलेलं असायचं, कारण नंतर मलाच विचारायचे, "अंगठी नव्हती ना गं बोटात? की मलाच दिसली नाही?"

अशाच एका मॅचमध्ये साउथवाले एका रननं पुढे होते. शेवटची इनिंग, समोरचा एक जण आउट झाला की काकांची टीम जिंकली. अशी जिंकायची वेळ त्यांच्या टीमवर वर्षातून फार कमी यायची. तेवढ्यात निखिलच्या टीममधल्या कोणीतरी लांब मारला आणि बरोबरी झाली. आणि काकांनी टाळ्या वाजवल्या.

निखिल वळून बघायला लागला. "बाबा, दॅट्स अवर रन."

"चांगला मारला. चांगल्याला चांगलं म्हणावं."

मला खेळ कळत नसला तरी तेवढं कळलं. बेसबॉलमध्ये बरोबरीवर मॅच सुटत नाही, निकाल लागेपर्यंत पुढे खेळत राहतात. ज्या माणसानं पन्नास वर्षं एका टीमसाठी जीव टाकला तो आता ती जिंकू नये म्हणून देव पाण्यात घालून बसला होता, आणि दुसरीही जिंकू नये म्हणून. नुसती बरोबरी चालू राहावी, मुलगा उठू नये. पण त्या लीगवाल्यांनी हल्ली नियम केलाय, जादा इनिंग लागली की एक माणूस आयताच अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या बेसवर, उभा करायचा, म्हणजे लवकर रन होते आणि मॅच आटपते. पंधरा मिनिटांत आटपली. निखिलनं चाव्या उचलल्या.

पुढे पिचरच्या मागे घड्याळ लावलं, ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकलाच पाहिजे म्हणून. सगळं जग खूष झालं, मॅच अर्ध्या तासानं लवकर संपते म्हणून. काका वेडेपिसे झाले. "पंगतीत मागे वाढपी उभे राहतात ना, उठा आता उठा आता करत, तसं करून राहिले हे लोक. कोणाला घाई आहे? मला विचारलं कोणी?" अर्धा तास गुणिले चार, असं ते मला मोजून दाखवायला लागले तेव्हा मी किचनमध्ये निघून गेले. मला ते ऐकवेना.

शेवटच्या वर्षीची मार्चमधली गोष्ट तर मला सांगायलाही नको वाटते. सीझन सुरू व्हायच्या आधी टीम्स ॲरिझोनात जाऊन सराव करतात आणि तिथे ह्या दोन टीम्सही एकमेकींशी खेळतात, नुसत्याच, हात मोकळे करायला. काकांना ते पेपरमध्ये सापडलं. सकाळी सकाळी माझ्या दारात हजर, अंगात स्वेटर, डोळ्यांत पाणी आलेलं. "मंजिरी, आज मॅच आहे." निखिलला माझ्याच फोनवरून फोन लावायला लावला. माझा नंबर बघून त्यानं उचलला.

"निखिल, आज एक मॅच आहे. दुपारी. टीव्हीवर दाखवून राहिले."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मग, "बाबा, दॅट्स स्प्रिंग ट्रेनिंग. इट डझन्ट काउंट."

"दोन्ही टीम्स आहेत ना? बॉल टाकणार, मारणार, पळणार. मॅच नाही तर काय सत्यनारायण आहे?"

"आय हॅव वर्क, बाबा." आणि मग जरा नरमाईनं, "सी यू इन जून."

काका फोन माझ्या हातात देत म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे त्याचं. काउंट नाही होत." आणि पायरी उतरून आपल्या घरी गेले. त्या दिवशी मात्र मी निखिलला मेसेज केला की बाबांचं हार्ट फार वीक झालंय, त्यांना सांगू नकोस मी कळवलं म्हणून. त्याचं उत्तर आलं, थँक्स मावशी. त्या दोन शब्दांचं काय करायचं?

त्याच वर्षी काकांची टीम इतकी हरली की गल्लीतली पोरंसुद्धा त्यांना चिडवेनाशी झाली. पण जुलैत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक जाहीर झालं आणि त्यात ह्या दोघींच्या मॅचेस सहा होत्या. काकांनी मला पटेलांच्या दुकानात न्यायला लावलं आणि पेढे घेतले. दुकानातल्या मुलीला वाटलं नातू झाला. "नाही, वेळापत्रक झालं," म्हणाले. त्या आठवड्यात मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, एका साध्या बुधवारी दुपारी, निखिलची गाडी आली.

मी वरच्या खिडकीतून बघितलं. मॅच नव्हती, काही नव्हतं. तो गाडीतच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. एकदा उतरला, परत बसला. मी खिडकीशी उभी. माझा मेसेज चार महिने त्याच्या पोटात राहिला असेल का, की त्याचं स्वतःचंच काही होतं, देव जाणे. शेवटी उतरला आणि बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. मी खाली धावत जाऊन आमच्या दाराशी उभी राहिले, ऐकायला, खोटं कशाला सांगू.

काका त्याच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आनंद मावेना, अगदी लहान मुलासारखे गांगरले. आणि म्हणाले काय? "अरे, आज तर मॅच नाहीये."

त्यांना म्हणायचं होतं की मॅच नसतानाही आलास. मला ते माझ्या दारातूनही कळलं. काकांच्या ध्यानीमनी दुसरं काही असणंच शक्य नव्हतं. पण निखिलच्या कानात "नको येऊस माझ्या घरी" इतकी वर्षं बसलेलं. त्याचा चेहरा मिटला. "आय नो, बाबा. जस्ट पासिंग बाय. हाय म्हणायला थांबलो." मराठीत म्हणाला तो, हाय म्हणायला थांबलो. "बरा आहेस?" काकांनी विचारलं. "या, या." आणि वळला. काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात आहे." निखिल गाडीत बसला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा काकांना कळलं आपण काय बोललो ते. तिथेच पायरीवर बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "मी त्याला आत ये म्हटलं नाही, मंजिरी." परत परत तेच. मला इतका संताप आला होता की मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते मेलेच असते.

ऑगस्टमधल्या मॅचेस साउथवाल्यांच्या मैदानावर होत्या. पहिलीला निखिल आला नाही. ऑफिसमध्ये अडकलोय, असा मेसेज आला. दुसरीच्या सकाळी मेसेज आला तो असा: मित्रांबरोबर मैदानावर जातोय, एन्जॉय द गेम. काकूंना दिलेला शब्द पहिल्यांदाच मोडला होता. काकांनी मला तो मेसेज दोनदा वाचायला लावला. मग आत गेले आणि बूट घालून बाहेर आले.

"चल."

"कुठे?"

"मैदानावर."

मी सगळं सांगून पाहिलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय, ऊन किती आहे, तिथे हजारो माणसं असतात. "निदान फोन करून विचारा कुठे बसलाय ते."

"फोनवर नको म्हणेल. समोर उभा राहिलो तर नको म्हणणार नाही." वॉकर दाराबाहेर काढत म्हणाले, "ह्या वर्षीची ही शेवटची आहे. पुढच्या वर्षापर्यंत मी आहे का, तू सांग." मी चाव्या घेतल्या.

मॅच दुपारची. तिकिटं काढून आत गेलो तर निम्मं मैदान निळ्या टोप्यांनी भरलेलं. काकांनी मैदानाकडे बघितलंसुद्धा नाही. मॅच चालू असताना ते पाठ फिरवून माणसांकडे बघत होते. एका इनिंगला एक बाजू, दुसऱ्या इनिंगला दुसरी. चार पावलं चालायचे, वॉकरवर टेकायचे, धाप लागायची, परत चार पावलं. डोळे तर अधूच. कोणी उंच, सावळा माणूस दिसला की मला विचारायचे, "तो का?" नाही काका. "तो?" तोही नाही. एका पंजाबी मुलाच्या खांद्यावर तर हात ठेवला त्यांनी. त्या बिचाऱ्यानं यांना खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मला आधी चीड येत होती, मग रडायला यायला लागलं, मग मीच वेड्यासारखी रांगा धुंडाळायला लागले. निखिल सापडला नाही. मॅच संपली, साउथवाले हरले.

"गेटशी उभा राहतो," काका म्हणाले. "बाहेर तर पडेलच." माणसं एका मोठ्या गेटातून स्टेशनाच्या बाजूला जात होती. मी त्यांना तिथे कठड्याला टेकवून उभं केलं आणि गाडी आणायला गेले. यायला बराच वेळ लागला. रस्त्यावर पोलीस थांबू देईनात, मला पूर्ण वळसा घालून यावं लागलं. आले तेव्हा गर्दी ओसरत होती आणि काका तिथेच उभे होते. मी त्यांना आत बसवलं, वॉकर मागे टाकला.

"भेटला," काका म्हणाले.

मी ब्रेकवरचा पाय काढायला विसरले. "भेटला? काय म्हणाला?"

"गुड गेम म्हणाला."

"आणि तुम्ही?"

काका समोरच्या काचेतून बघत होते. "मीही तेच म्हणालो."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. मी थोडी पुढे घेतली.

"मित्र पुढे गेले होते त्याचे. तो थांबला. मला बघून थांबला, मंजिरी. इथे कसे आलात, असं तोंडावर होतं त्याच्या, पण विचारलं नाही. माझ्याही तोंडापर्यंत आलं होतं सगळं. तुझ्या आईला घरी आणायला पाहिजे होतं, हे म्हणायचं होतं. तू बरोबर होतास, हे म्हणायचं होतं. इतकी वर्षं नुसतं बेसबॉलच बोललो आम्ही, मला दुसरं काही बोलताच येईना गं." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "तो उभा राहिला होता थोडा वेळ. मग म्हणाला, ओके, बाबा. आणि गेला."

मी म्हटलं, "कुठे गेला?"

"ट्रेनकडे. चालत." मग एकदम माझा हात धरला. "चालतच असेल अजून. एक चक्कर मार ना."

मी गाडी वळवली. काकांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि "निखिल" म्हणून हाक मारली. मोठ्यानं, माझ्या देखत कधी मारली नव्हती इतक्या मोठ्यानं. फुटपाथवरचे लोक वळून बघायला लागले. स्टेशनापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. ते म्हणाले, अजून एकदा. मी परत गेले. तिसऱ्या वेळी रस्त्यावर माणसं अशी उरलीच नव्हती, पोलीस रस्ता अडवायचे नारिंगी कोन उचलून ट्रकमध्ये टाकत होते, आणि काका काचेबाहेर वाकून रिकाम्या फुटपाथला हाका मारत होते. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. चौकात आल्यावर मी परत इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.